एका फांदीवर अकरा हजार, शेजारच्या फांदीवर एक

वाचकांचे प्रश्न : प्रजातींचा जन्म आणि मृत्यू

उत्क्रांतीविषयी आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न फिरून एकाच जागी येतात. एका वंशशाखेत प्रजातींची रेलचेल असते आणि तिच्याच वयाच्या दुसऱ्या शाखेत एखाददुसरीच उरते, असं का? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : न्यूझीलंडचा तुआतारा दिसतो सरड्यासारखा, पण त्याच्या गटात आज एकच प्रजाती आहे. सरडे-सापांच्या गटात ११,००० हून जास्त. दोन्ही गटांचा पूर्वज एकच, म्हणजे दोघांना वेळ सारखाच मिळाला. वर्गात सरडे-साप ‘यशस्वी’ आणि तुआतारा ‘मागे पडलेला’ असं सांगितलं तर चालेल का? (शिक्षिका, कोल्हापूर)

नका सांगू. आधी हा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो का, ते तपासा. त्याचं गणित सातवीच्या मुलांनाही जमेल इतकं सोपं आहे.

समजा, दोन भावंड-शाखांमध्ये नव्या प्रजाती जन्मण्याची आणि जुन्या मरण्याची शक्यता अगदी सारखी आहे. तरीही दोन्हीकडे शेवटी सारख्याच प्रजाती उरत नाहीत. जिला सुरुवातीलाच एक-दोन फाटे जास्त फुटले, ती पुढे जातच राहते. दोन्ही शाखांत मिळून १० प्रजाती असतील तर १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७ अशा सगळ्या वाटण्या सारख्याच संभाव्य ठरतात. यातून एक सूत्र निघतं : लहान शाखेतल्या प्रजातींची दुप्पट करा आणि तिला एकूण प्रजाती उणे १ ने भागा. इतकी किंवा याहून विषम वाटणी निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता हाती येते. १ विरुद्ध ९ साठी ती २ भागिले ९, म्हणजे २२ टक्के आहे, तेव्हा तिथे कारण शोधत बसू नये. १ विरुद्ध ४० झालं की शक्यता ५ टक्क्यांवर येते. तुआताराच्या बाबतीत ती २ भागिले ११,०००, म्हणजे ०.०२ टक्क्यांहूनही कमी. मगरींच्या सुमारे २७ प्रजाती आणि पक्ष्यांच्या सुमारे ११,००० घेतल्या तर अर्धा टक्का.

इथे एक मेख आहे. वंशवृक्षात हजारो फाटे असतात. त्यातला सर्वांत विचित्र तेवढा उचलायचा आणि ‘बघा, किती दुर्मीळ’ म्हणायचं, ही फसवणूक होते. तुआताराचा आकडा मात्र इतका टोकाचा आहे, की ही सूट देऊनही योगायोगाचं स्पष्टीकरण लंगडंच राहतं.

मग कारण काय? त्यासाठी जीवाश्मांकडे जावं लागतं, आणि तिथे चित्र पार उलटं दिसतं. तुआताराचा गट पूर्वी मुळीच गरीब नव्हता. ट्रायासिक आणि जुरासिक, म्हणजे डायनासोरांच्या काळात त्याचे प्रतिनिधी अनेक खंडांवर होते : काही किडे खाणारे, काही वनस्पती खाणारे, काही चक्क पाण्यात राहणारे. आपल्याकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा खडकांत त्यांचे जबडे आणि दात सापडले आहेत. त्यातल्या एकाचं नावच गोदावरीसॉरस आहे. हे नमुने आजच्या तेलंगणातल्या रेब्बना भागातले आहेत, पण खडकांना नाव मिळालं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून. म्हणजे या शाखेत प्रजाती जन्मल्याच नाहीत असं नाही. जन्मल्या आणि पुढे मेल्या. वर्गात सांगायचं तर एवढं सांगा : आजची संख्या ही गावाच्या लोकसंख्येसारखी असते. ती बघून गावात जन्म कमी झाले की मृत्यू जास्त झाले, हे कळत नाही.

प्रश्न : शोधनिबंधांत प्रजाती-वाढीचे ‘दर दशलक्ष वर्षांना ०.०४’ असे आकडे असतात. ते काढतात कसे? (बीएस्सीचा विद्यार्थी, नांदेड)

अगदी कच्चा अंदाज काढायला शास्त्रीय कॅल्क्युलेटर पुरतो. दोन गोष्टी हव्यात : शाखेतल्या आजच्या प्रजातींची संख्या आणि शाखेचं वय. वय मात्र दोन प्रकारचं असतं. ही शाखा भावंड-शाखेपासून फुटली ते तिचं ‘खोडवय’. आज जिवंत असलेल्या तिच्या सगळ्या प्रजातींचा शेवटचा समान पूर्वज जगला ते ‘मुकुटवय’. खोडवय घेतलं तर प्रजातींच्या संख्येचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि वयाने भागायचं. मुकुटवय घेतलं तर त्या लॉगमधून आधी २ चा लॉग, म्हणजे ०.६९३, वजा करायचा, कारण मुकुटाची सुरुवात दोन फांद्यांनी होते.

सरडे-सापांचं खोडवय ढोबळमानाने २५० दशलक्ष वर्षं धरा. ११,००० चा नैसर्गिक लॉग ९.३. भागाकार ०.०३७. संख्या दुप्पट व्हायला लागणारा काळ काढायचा तर ०.६९३ ला या दराने भागा : सुमारे १९ दशलक्ष वर्षं.

हा दर निव्वळ वाढीचा आहे, जन्म उणे मृत्यू. एकही प्रजाती मेली नाही असं वर गृहीत धरलं होतं. आता दर १० जन्मांमागे ९ मृत्यू होतात असं धरून तेच गणित पुन्हा करा. यासाठी ११,००० ला ०.१ ने गुणा, त्यात ०.९ मिळवा, लॉग घ्या आणि २५० ने भागा. उत्तर येतं ०.०२८. निव्वळ वाढ फारशी हलली नाही. पण जन्मदर बघा : पहिल्या गणितात तो ०.०३७ होता, आता ०.२८ झाला, म्हणजे साडेसात पट. मृत्यूदर शून्यावरून ०.२५ वर गेला. निव्वळ वाढीचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा असतो. त्याच्या पोटातले जन्म आणि मृत्यू सुटे करणं हेच खरं अवघड काम.

हमखास होणाऱ्या चुका दोन. मुकुटवय घेऊन खोडाचं सूत्र वापरणं ही पहिली. ६० प्रजाती आणि १० दशलक्ष वर्षं मुकुटवय असेल तर बरोबर उत्तर ०.३४ आहे, चुकीच्या सूत्राने ०.४१ येतं. दुसरी चूक म्हणजे डीएनए मिळालेल्या प्रजातीच तेवढ्या मोजणं. वृक्षात ६० असल्या तरी शाखेत १०० माहीत असतील तर सूत्रात १०० घालायचे.

प्रश्न : बागेतला सायकस ‘डायनासोरच्या काळचा’ म्हणून विकला जातो. खरं आहे का? (वाचक, नागपूर)

शाखा त्या काळची आहे, झाड नव्हे. सायकसवर्गीयांच्या साधारण ३५० प्रजाती आज आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दिसलं, की त्यातल्या बहुतेक गेल्या १२ दशलक्ष वर्षांतच फुटल्या आहेत. डायनासोर संपून ६६ दशलक्ष वर्षं झाली. जुन्या खोडावरची ही कोवळी पालवी आहे. मधल्या जुन्या फांद्या बहुतांशी वाळून गेल्या.

प्रश्न : आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या ५०० प्रजाती १५,००० वर्षांत तयार झाल्या असं वाचलं. माझ्या टाकीत सिक्लिड आहेत, पण हे पटत नाही. आणि त्याच सरोवरातल्या इतर माशांना हे का जमलं नाही? (मत्स्यपालनाचे हौशी, ठाणे)

वरचंच मुकुटाचं सूत्र लावा. ५०० चा लॉग ६.२१, त्यातून ०.६९ वजा, आणि ०.०१५ दशलक्ष वर्षांनी भागा. दर येतो ३६८, म्हणजे दुप्पट व्हायला जेमतेम १,९०० वर्षं. सरडे-सापांचा वेग याच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाइतका आहे. शंका येणं साहजिक आहे.

शंकेचं अर्धं उत्तर असं, की सुरुवात शून्यातून झालेली नव्हती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं, की हे मासे दोन जुन्या, एकमेकांपासून बऱ्याच दुरावलेल्या वंशांच्या संकरातून आले आहेत. डोळ्यांतल्या रंगसंवेदनेच्या जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यांना वारशातच मिळाल्या. नवीन उत्परिवर्तनाची वाट पाहावी लागली नाही, असलेला साठा नव्याने वाटला गेला. सरोवर कोरडं पडून पुन्हा भरलं तेव्हा सगळ्या जागा रिकाम्या होत्या.

उरलेलं अर्धं उत्तर प्रकाशात आहे. या सरोवराच्या पाण्यात खोल जावं तसा निळा प्रकाश आधी गळतो आणि लालसर उरतो. त्यामुळे उथळ भागात निळे नर माद्यांना चांगले दिसतात आणि जरा खाली लाल नर. माद्यांचे डोळेही त्या-त्या खोलीला जुळलेले. एकाच खडकाळ उतारावर, मध्ये कुठलाही डोंगर किंवा दरी नसताना, निळ्या आणि लाल माशांची लग्नं आपोआप वेगळी होतात. हे रंगभेद आहेत की खऱ्या प्रजाती, असा तुमचा आक्षेप असेल तर तो रास्त आहे. स्वच्छ पाण्यात त्या प्रजाती म्हणून वेगळ्या राहतात. पाणी गढूळ झालं की माद्यांना रंग कळत नाहीत, संकर वाढतो आणि दोनाची पुन्हा एक होते. शेतातली खतं आणि मैला सरोवरात आल्यावर अनेक ठिकाणी नेमकं तेच झालं.

इतर मासे मागे का राहिले, या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे : सिक्लिडना सगळीकडे जमलं. तसं नाही. २०१२ च्या एका अभ्यासात आफ्रिकेतली ४६ सरोवरं तपासली. सिक्लिड पोहोचलेल्या बहुसंख्य सरोवरांत एका प्रजातीच्या अनेक झाल्याच नाहीत. जिथे झाल्या तिथे गोष्टी जुळून आल्या होत्या : सरोवर खोल, ऊन भरपूर, आणि त्या वंशात नर-मादीचे रंग वेगळे. जागा आहे पण जोडीदाराची निवड रंगावर नाही, किंवा निवड आहे पण सरोवर उथळ, तर गाडी पुढे सरकत नाही. इतर कुळांतल्या माशांकडे ही जोडगोळी नव्हती. एकाच गुणाला सगळं श्रेय देणारी स्पष्टीकरणं आम्हाला म्हणूनच संशयास्पद वाटतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे घशातला दुसरा जबडा. सिक्लिडना घशात दातांचा वेगळा जबडा असतो. तोंडाने पकडायचं आणि घशाने भरडायचं अशी कामाची विभागणी झाल्यामुळे त्यांना नवनवं अन्न खाता आलं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ते बरोबरच आहे. पण १९५० च्या दशकात सरोवरात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली. सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास प्रजाती दिसेनाशा झाल्या असा अंदाज आहे. त्यात मासे खाणाऱ्या सिक्लिडना जबर फटका बसला, कारण त्या दुसऱ्या जबड्यामुळे त्यांचा घसा अरुंद आहे. पर्च जो मासा मिनिटांत गिळतो तो रिचवायला त्यांना तास लागतात. एका काळात शाखा फुलवणारा गुण दुसऱ्या काळात तिला मारक ठरला.

प्रश्न : सह्याद्रीत झुडपी बेडकांच्या इतक्या प्रजाती, आणि जांभळ्या बेडकाच्या गटात दोनच. दोघेही याच डोंगरातले. शिवाय केरळात झुडपी बेडूक जितके, तितके आपल्याकडे का नाहीत? (निसर्ग अभ्यासक, सावंतवाडी)

जांभळ्या बेडकाचं आधी आवरू. त्याचे सर्वांत जवळचे नातलग सह्याद्रीत नाहीत, ते सेशेल्स बेटांवर आहेत आणि त्यांच्या प्रजाती चार. दोन विरुद्ध चार ही वाटणी आमच्या सूत्राने तपासली तर शक्यता ८० टक्के येते. या दोघांत तरी समजावून सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही शाखा मिळून सहाच का उरल्या, हा खरा प्रश्न. त्यांचा वंश दहा कोटी वर्षांच्या आसपास जुना आहे. वर्षातले बहुतेक दिवस जमिनीखाली राहून वाळवी खाणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म सापडणं कठीण असतं. तेव्हा तिथे जन्म कमी होते की मृत्यू जास्त, हे ठरवायला पुरावाच हाती नाही.

झुडपी बेडकांचं मात्र बरंच कळलं आहे. सह्याद्रीत त्यांच्या, म्हणजे रावोर्चेस्टिस या जीनसच्या (जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटाच्या), ६० हून जास्त प्रजाती आहेत. या बेडकांत डबक्यात पोहणारं बेडूकमाशाचं रूपच नसतं. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. ओढ्याची किंवा डबक्याची गरज संपली की उंच, धुक्यातलं कुठलंही जंगल चालतं. पण अंगाची कातडी पातळ, ओलावा सतत हवा, त्यामुळे मधली कोरडी दरी ओलांडता येत नाही. पालघाटची खिंड सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे. तिच्या दोन्ही बाजूंना २,००० मीटरहून उंच डोंगर आणि मध्ये सखल, उष्ण पट्टा. हवामान थंड-कोरडं झालं की रानं आक्रसून माथ्यांपुरती उरायची, ओलं झालं की पसरायची. आक्रसलेल्या दर तुकड्यात बेडकांची वेगळी वाट. थोडक्यात, थोडं पसरता येणं आणि फार पसरता न येणं हे दोन्ही लागतं. अजिबात हलू न शकणारा प्राणी नव्या डोंगरावर पोहोचतच नाही, आणि सहज हिंडणारा कुठे एकटा पडत नाही.

महाराष्ट्रात झुडपी बेडूक आहेतच. रावोर्चेस्टिस घाटेई ही प्रजाती तर २०१३ मध्ये इथूनच नोंदली गेली. पण इथला सह्याद्री बुटका आहे : कळसूबाई १,६४६ मीटर, केरळातलं आनमुडी २,६९५. त्याहून मोठा फरक पावसाळ्याच्या लांबीचा. दक्षिणेला आठ-नऊ महिने ओल टिकते. इथे पाऊस आंबोलीत कितीही कोसळला तरी जून ते सप्टेंबर, आणि नंतर सात-आठ महिने कोरडे. कातडीने श्वास घेणाऱ्या प्राण्याला एकूण पाऊस किती पडला यापेक्षा कोरडे महिने किती, हे जास्त छळतं.

नोंदी करताना एक जपा. गेल्या वीस वर्षांत बेडकांच्या प्रजाती भराभर वाढलेल्या दिसतात, त्या डीएनए तपासणी आणि ओरडण्याच्या ध्वनिमुद्रणामुळे. हा शोध लागण्याचा वेग आहे. एका गटावर चार तज्ज्ञ काम करत असतील आणि शेजारच्या गटाकडे कोणी फिरकलं नसेल, तर दोघांची संख्या एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

तुमच्याच भागातला आंबोलीचा झुडपी बेडूक स्यूडोफिलॉटस या जीनसमधला आहे. त्याचे बहुतेक नातलग श्रीलंकेत आहेत, ७० हून जास्त. तेही डबक्याविना वाढणारे, आणि त्यांचंही एकेका डोंगराचं राज्य. त्याच श्रीलंकेत या जीनसच्या डझनाहून जास्त प्रजाती जंगलतोडीनंतर नामशेष झाल्याची नोंद आहे. टीचभर प्रदेशात बंदिस्त राहण्याने नवी प्रजाती लवकर घडते, आणि तेवढ्यानेच ती लवकर संपतेही. जन्मदर आणि मृत्यूदर असे पुन्हा पुन्हा एकत्र चढताना दिसतात.

प्रश्न : टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळ धरतो. हा गुण रानात तोट्याचा असतो असं ऐकलं. फळधारणा सोपी होत असेल तर तोटा कसला? (टोमॅटो उत्पादक, नारायणगाव)

शेतात तोटा नाही. रानातही लगेच नाही. टोमॅटो, वांगी, बटाटे, मिरचीच्या कुळात पुष्कळ रानटी प्रजाती स्वतःचा पराग नाकारतात. टोमॅटोचा पेरू देशातला रानटी नातलग सोलॅनम पेरुवियानम त्यातलाच. या कुळात नकाराची ही व्यवस्था वारंवार मोडली, पण एकदा मोडली की परत आलेली दिसत नाही. मग तर सगळं कुळ आतापर्यंत स्वपरागी व्हायला हवं होतं. तसं का झालं नाही, याचं उत्तर २०१० मध्ये या कुळाच्या वंशवृक्षावरून मिळालं. स्वतःचा पराग चालणाऱ्या शाखांत नव्या प्रजाती जास्त वेगाने होतात, कारण एकटं झाडही नव्या जागी वस्ती करू शकतं. पण त्या मरतात त्याहूनही वेगाने. नाकारणाऱ्या शाखा सावकाश फुटतात आणि टिकतात. स्वपरागी पिढ्यांत जनुकीय विविधता आटते आणि हानिकारक उत्परिवर्तनं साचतात. नवा रोग किंवा नवं हवामान आलं, की निवडीला वावच उरत नाही. रोगप्रतिकारासाठी पैदासकार रानटी नातलगांकडे वळतात ते म्हणूनच.

प्रश्न : कुठली शाखा टिकणार हे गुणांवरून ठरत असेल, तर महाविनाशातही तेच गुण कामी येतात का? दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात काय झालं? (वाचक, पुणे)

याचा सर्वांत चांगला पुरावा समुद्री गोगलगायींचा. अमेरिकेच्या आखाती आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या खडकांत त्यांचे शंख विपुल आहेत आणि शंखाच्या टोकावरून पिल्लू कसं वाढलं ते ओळखता येतं. काहींची पिल्लं पाण्यात तरंगत, खात, दूरवर जातात. काहींची आईच्या आसपासच वाढतात. तरंगणाऱ्यांच्या प्रजाती दूरवर पसरलेल्या आणि साधारण दुप्पट काळ टिकणाऱ्या. जवळ राहणाऱ्यांच्या लवकर संपणाऱ्या, पण नव्या जास्त जन्मणाऱ्या. बेडकांचं जे चित्र आहे तेच इथे पुन्हा.

हे झालं एरवीच्या काळाचं. जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड जॅब्लॉन्स्की यांनी १९८६ मध्ये क्रिटेशसच्या शेवटचा महाविनाश याच शंखांवर तपासला, तेव्हा हे नियम गळून पडलेले दिसले. पिल्लं तरंगतात की नाही, एका प्रजातीचा प्रदेश किती मोठा, जीनसमध्ये प्रजाती किती, यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो संपूर्ण जीनस किती प्रदेशांत पसरली होती याचा. लाखो वर्षं कामी आलेला गुण त्या घडीला बिनकामाचा ठरला. त्या विनाशाचा मुख्य घाव मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आदळलेल्या अशनीचा होता असं बहुसंख्य संशोधक मानतात. दख्खनचे उद्रेक त्याच सुमाराला चालू होते. त्यांच्यातून निघालेल्या वायूंनी किती हातभार लावला, यावर वाद अजून जिवंत आहे.

प्रश्न : पक्षी नष्ट होतात तसे नवेही तयार होत असतील. मग एवढी काळजी कशाला? (वाचक, बेळगाव)

हिशेब करून बघा. पक्ष्यांच्या प्रजाती सुमारे ११,०००, आणि इ. स. १५०० पासून सव्वापाचशे वर्षं. गुणाकार ५८ लाख ‘प्रजाती-वर्षं’. एरवीच्या काळात दहा लाख प्रजाती-वर्षांमागे साधारण एक प्रजाती जाते असा मोजायचा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्या हिशेबाने सहा जायला हव्या होत्या. गेल्याची नोंद आहे १६० च्या आसपास. जमेच्या बाजूला, एका प्रजातीमागे दशलक्ष वर्षांना ०.१ ते ०.२ असा जन्मदर धरला तर सगळ्या जगात मिळून एक नवी प्रजाती साधारण ४५० ते ९०० वर्षांत येते. गेलेल्या १६० भरून काढायला लाखभर वर्षंही अपुरी पडू शकतात, तेही मधल्या काळात आणखी एकही गेली नाही तर. गेलेल्यांत बेटांवरचे पक्षी फार. बेटांवरचा एकटेपणा त्यांना घडवायला कारणीभूत होता, तोच उंदीर-मांजरं पोहोचल्यावर जिवावर बेतला.

प्रश्न : माझ्याकडे एका वनस्पती-गटाचा डीएनएवरून केलेला, काळ जोडलेला वंशवृक्ष आहे. फुलाच्या एका गुणामुळे प्रजाती-जन्म वाढला का, आणि विलोपनाचा, म्हणजे प्रजाती मरण्याचा दर किती, हे दाखवायचं आहे. काय काळजी घेऊ? (संशोधक विद्यार्थिनी, पणजी)

क्रमाने सांगतो, पण विलोपनाच्या दरापाशी जरा थांबावं लागेल.

तो गुण तुमच्या वृक्षात किती वेळा स्वतंत्रपणे उगवला, हे आधी मोजा. एकदाच उगवला असेल तर तुमच्याकडे पुरावा एकच आहे, मग त्या फांदीवर ५०० प्रजाती का असेनात. त्याच फांदीवर त्याच वेळी बदललेली दुसरी कुठलीही गोष्ट खरं कारण असू शकते. फुलांतल्या मधुनळीचा युक्तिवाद वजनदार ठरला तो ती असंबंधित कुळांत पुन्हा पुन्हा उगवली आणि भावंड-शाखांशी तुलना करता आली म्हणून.

दुसरं, गुण आणि प्रजाती-जन्माचा दर यांचा संबंध तपासणाऱ्या बायसे (BiSSE) या लोकप्रिय संगणकीय प्रारूपाला एकटं वापरू नका. २०१५ मध्ये राबोस्की आणि गोल्डबर्ग यांनी दाखवलं, की वृक्षात दराचे चढउतार आधीच असतील तर हे प्रारूप कशालाही दोषी धरतं. प्रजातीच्या लॅटिन नावातली अक्षरं कमी की जास्त, असल्या निरर्थक गुणाचाही ‘संबंध’ सापडतो. कारण प्रारूपापुढे पर्याय दोनच असतात : सगळीकडे एक दर, किंवा गुणानुसार दोन. त्यावर उपाय म्हणजे हायसे (HiSSE) हे त्याचं सुधारित प्रारूप, आणि त्यातही तुलनेला गुणनिरपेक्ष प्रारूप ठेवणं, ज्यात दर बदलतात पण तुमच्या गुणामुळे नाही. तुलनेच्या दोन्ही प्रारूपांत दरांची संख्या सारखी ठेवा. वृक्षात ३०० हून कमी प्रजाती असतील किंवा एक गुणावस्था (गुण असणं किंवा नसणं) १० टक्क्यांहून कमी प्रजातींत असेल तर ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ काहीच होत नाही. शाखेतल्या किती टक्के प्रजाती वृक्षात आल्या, हे प्रमाणही गुणावस्थेनुसार वेगळं भरा. उठावदार फुलांच्या प्रजाती जास्त गोळा झालेल्या असतात.

आता विलोपन. जिवंत प्रजातींच्या वृक्षात मेलेल्या फांद्या दिसत नाहीत, तरीही त्यांचा माग काढता येईल अशी आशा १९९४ च्या एका कामाने दिली होती. अगदी अलीकडे फुटलेल्या फांद्यांना मरायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे आजच्या जवळ येताना वृक्ष जास्त दाट होतो, आणि त्या वळणावरून मृत्यूदर काढता येतो. पण हे दर काळानुसार बदलत नाहीत असं धरलं तरच. २०२० मध्ये लूका आणि पेनेल यांनी गणिताने सिद्ध केलं, की दर बदलू दिले तर एकाच वृक्षाला तंतोतंत जुळणारे जन्म-मृत्यूचे अनंत इतिहास मिळतात. जास्त प्रजाती गोळा केल्याने किंवा संगणक महिनाभर चालवल्याने ही कोंडी फुटत नाही. आमचं मत स्पष्ट आहे : निव्वळ डीएनए-वृक्षावरून काढलेला विलोपनाचा दर प्रबंधाच्या सारांशात लिहू नका. निव्वळ वाढीबद्दल बोला, गृहीतकं बदलून निष्कर्ष टिकतो का ते दाखवा, आणि तुमच्या गटाचे परागकण, बिया किंवा पानं जीवाश्मांत मिळत असतील तर ती माहिती पायरेटसारख्या, जीवाश्मांसाठी बनवलेल्या प्रणालीत वेगळी तपासा.

देवमासे आणि डॉल्फिन यांच्या बाबतीत काय झालं ते वाचून ठेवा. आज त्यांच्या सुमारे ९० प्रजाती आहेत. केवळ डीएनए-वृक्ष बघितला तर प्रजाती हळूहळू वाढत आल्यासारख्या वाटतात. जीवाश्म सांगतात, की काही दशलक्ष वर्षांपूर्वी त्या आजच्याहून बऱ्याच जास्त होत्या आणि नंतर घटल्या. फांद्यांना वेगवेगळे दर दिले आणि मृत्यूदराला जन्मदरावर चढण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे वृक्षातही ती घट दिसू लागली. तुमच्या प्रारूपात ही मुभा बंद असेल तर घट असूनही ती कधीच सापडणार नाही. तेव्हा ती सेटिंग आधी तपासा.